बटाट्याच्या माहेरी : अँडीज पर्वतातील शेतीचे दर्शन

दक्षिण अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून उत्तरेकडून दक्षिणेकडे सुमारे ७,००० किलोमीटर लांबीची एक प्रचंड पर्वतरांग पसरलेली आहे. तीच अँडीज होय. प्रतिवर्षी लाखो प्रवासी सुट्टी घालविण्यासाठी या पर्वतात येतात, माचू पिचूचे प्राचीन अवशेष पाहतात व छायाचित्रे घेऊन परततात. परंतु ज्याला शेतीची दृष्टी आहे, त्या प्रवाशाला येथे अवशेषांहून अधिक मोलाचे असे काही दिसते. जेथे हवा विरळ, जमीन उताराची, पाऊस बेभरवशाचा आणि रात्रीची थंडी पिकाचा जीव घेणारी, तेथे माणसाने हजारो वर्षे शेती केली व ती आजही चालू ठेवली आहे. ती कोणत्या उपायांनी, हे डोंगराळ भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

प्रवासाचा प्रारंभ बहुधा पेरू देशातील कुस्को या शहरापासून होतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,४०० मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर हे शहर वसले आहे, आणि शेते तर त्याच्याही वर आहेत. नवख्या माणसाला पहिले दोन दिवस चार पावले चालताच धाप लागते व डोके दुखते. तेथील लोक त्याला मुन्या नावाच्या, पुदिन्यासारखा वास असणाऱ्या रानवनस्पतीचा किंवा कोकाच्या पानांचा काढा देतात आणि सावकाश चालण्यास सांगतात.

जून महिना हा तेथे थंडीचा व कोरड्या हवेचा काळ. पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पडतो, आणि मे-जूनमध्ये बटाट्याची काढणी चालू असते. दुपारी ऊन अंगाला चटके देते, तर त्याच दिवशी रात्री पाणी गोठते. एका दिवसात उन्हाळा व हिवाळा दोन्ही भोगावे लागणाऱ्या या मुलुखात पीक वाचविणे, हीच शेतकऱ्याची खरी परीक्षा असते.

पायऱ्यांचे डोंगर

कुस्कोजवळच्या पिसाक गावी नदीच्या खोऱ्यात उभे राहून वर पाहिले, की सबंध डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा केलेला दिसतो. इंका राजवटीत, म्हणजे पंधराव्या शतकात व सोळाव्याच्या आरंभी, अशा कामांना मोठा जोर आला. परंतु ही विद्या इंकांच्याही आधीची आहे. दक्षिण पेरूतील कोल्का खोऱ्यात इंकापूर्व काळातील ताली अजून वहिवाटीत आहेत.

या पायऱ्यांची बांधणी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. पुढची दगडी भिंत सरळ उभी न ठेवता डोंगराच्या बाजूला किंचित कललेली असते, त्यामुळे मातीचा भार ती सहज पेलते. भिंतीमागे तळाला मोठे दगड, त्यावर बारीक खडी, मग वाळूमिश्रित भर आणि सर्वांत वर सुपीक माती, असे थर दिलेले असतात. जोराचा पाऊस झाला तरी पाणी वाफ्यात तुंबत नाही. ते मुरून खालच्या पायरीस जाते. पाणी कोंडून भिंत फुटण्याचे संकट त्यामुळे टळते. भिंतीतून काही लांब दगड बाहेर काढलेले असतात. त्यांवर पाय ठेवून माणूस एका पायरीवरून दुसरीवर चढतो, म्हणजे वाटेसाठी जमीन वाया जात नाही. दिवसभर उन्हात तापलेले दगड रात्री हळूहळू ऊब सोडतात आणि पिकाला गारठ्यापासून थोडेफार संरक्षण देतात. माती धरणे, पाण्याचा निचरा करणे व थंडी कमी करणे, ही तीन कामे एकच भिंत करते.

एवढी चांगली व्यवस्था असूनही पेरूतील पुष्कळशा ताली आज पडीक आहेत. इ. स. १५३२ मध्ये स्पॅनिश लोकांनी या देशावर स्वारी केली. त्यांच्याबरोबर आलेल्या रोगांनी माणसे मेली, आणि पुढे १५७० नंतरच्या काळात उरलेल्यांना डोंगरातून उठवून नव्या गावांत वसविण्यात आले. भिंतीचा एक दगड ढळला, तर तो त्याच हंगामात बसवावा लागतो. बसविणारे हातच नाहीसे झाले, तेव्हा दगडामागून दगड ढासळला. बांधबंदिस्ती एकदा करून भागत नाही, ती दरवर्षी जपावी लागते, हा धडा हे पडके डोंगर चारशे वर्षे देत आहेत.

सावड आणि इर्जिक

अँडीजमधील केचुआ व आयमारा भाषा बोलणाऱ्या समाजांत श्रमाची देवघेव करण्याच्या दोन रीती आहेत. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या शेतावर, या रीतीला 'आय्नी' म्हणतात. मोठ्या कामासाठी शेजाऱ्यांना बोलावून त्यांना जेवण व मक्याची आंबवलेली 'चिचा' द्यावयाची, या रीतीला 'मिंका' म्हणतात. मराठी शेतकऱ्याला या दोन्ही गोष्टी सांगण्याची गरज नाही. पहिली आपली सावड, आणि दुसरी आपली इर्जिक. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी समाजाने पडकईच्या पद्धतीने, एकमेकांच्या शेतावर श्रम करून, उतारावर भातखाचरे घडविली, तीही याच जातीची रीत होय. महासागरापलीकडच्या डोंगराने व सह्याद्रीने माणसाला एकच शहाणपण शिकविले, असे म्हणावयास हरकत नाही.

नांगरणीच्या वेळी हे सहकार्य पाहावे. तीव्र उतारावर बैल किंवा ट्रॅक्टर चालत नाही. तेथे 'चाकिताक्या' नावाचे पायाने दाबावयाचे औजार वापरतात. लांब लाकडी दांडा, टोकाला लोखंडी पाते, पाय देण्यासाठी आडवी खुंटी व धरण्यासाठी मूठ, एवढीच त्याची रचना. दोन पुरुष शेजारी उभे राहून एका तालात पाते जमिनीत दाबतात व ढेकूळ उचलतात. समोर बसलेली स्त्री ते ढेकूळ हाताने उलटते. जमीन हवी तेवढीच उकरली जाते व माती उतारावरून वाहून जात नाही. जुने औजार म्हणून त्यास हसणाऱ्याने आधी त्या उतारावर उभे राहून पाहावे.

जमिनीची विश्रांती

उंचावरील गावांत पुष्कळ ठिकाणी शेतजमिनीचे अनेक भाग पाडलेले असतात, आणि कोणत्या वर्षी कोणत्या भागात काय पेरावयाचे हे गावसभा ठरविते. विश्रांतीनंतर फोडलेल्या भागात पहिल्या वर्षी बटाटा घेतात. दुसऱ्या वर्षी ओका, उयुको, माश्वा यांसारखी तेथील कंदपिके, तिसऱ्या वर्षी सातू किंवा बाकला, आणि नंतर काही वर्षे तो भाग पडीक ठेवून त्यावर यामा, अल्पाका व मेंढ्या चारतात. जनावरांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळते. यात आणखी एक मर्म आहे. बटाट्याच्या मुळांवर वाढणाऱ्या सूत्रकृमींना मधली काही वर्षे खाद्य मिळत नाही, आणि त्यांची संख्या घटते. औषध न फवारता कीड आवरण्याचा हा मार्ग आहे. मात्र तो एकट्या शेतकऱ्याला साधणारा नाही. सगळ्या गावाने पाळला तरच साधतो.

एका शेतात अनेक वाण

बटाट्याची शेती प्रथम सुरू झाली ती याच भागात, टिटिकाका तलावाच्या आसपासच्या डोंगराळ प्रदेशात, सुमारे सात-आठ हजार वर्षांपूर्वी. आजही अँडीजमध्ये बटाट्याचे ४,००० हून अधिक देशी वाण आढळतात. बाजाराच्या दिवशी पांढरे, पिवळे, तांबडे, जांभळे व काळे, गोल, लांबट, वाकडे आणि गाठीगाठींचे बटाटे ढिगांनी मांडलेले दिसतात. एका वाणाचे केचुआ नाव 'सुनेला रडविणारा' अशा अर्थाचे आहे. त्याच्या अंगावर इतक्या गाठी असतात, की तो सोलताना नव्या सुनेच्या डोळ्यांत पाणी यावे! सासरच्या परीक्षेची ही थट्टा आपल्याकडील जात्यावरच्या बायांनाही सहज समजली असती.

शेतकरी एकाच शेतात दहा-वीस वाण मिसळून लावतो. ही अव्यवस्था नव्हे. एक वाण गारठा सोसतो, दुसरा पाण्याचा ताण सोसतो, तिसरा रोगाला दाद देत नाही. कसेही वर्ष आले तरी काहीतरी घरी येते. याच्या उलट गोष्ट आयर्लंड देशाची. तेथील गरीब जनता मुख्यत्वे एकाच वाणावर जगत होती. १८४५ साली उशिराचा करपा आला, तेव्हा शेतेच्या शेते सडली आणि पुढील काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली.

पिसाकजवळच्या काही केचुआ गावांनी एकत्र येऊन आपल्या सामाईक जमिनीवर 'बटाटा उद्यान' उभारले आहे. लिमा शहराजवळ १९७१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी या गावांनी २००४ साली करार केला, आणि पूर्वी संशोधनासाठी नेलेले व गावातून नाहीसे झालेले सुमारे ४०० वाण रोगमुक्त बेण्याच्या रूपाने परत मिळविले. शास्त्रज्ञ व शेतकरी यांच्यातील देवघेव दोन्ही बाजूंनी चालू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

काढणीच्या दिवशी शेतातच ढेकळांची छोटी घुमटाकार भट्टी रचतात. आत जाळ करून ढेकळे लाल होईपर्यंत तापवितात, मग बटाटे आत टाकून भट्टी त्यांच्यावरच मोडतात. थोड्या वेळाने उकरून काढलेले ते गरम बटाटे तिखट चटणीबरोबर खात सारे कुटुंब बांधावर बसते. आपल्याकडील हुरड्याची आठवण व्हावी, असा तो प्रसंग असतो.

थंडीलाच कामाला लावणारा उद्योग

ताजा बटाटा फार दिवस टिकत नाही. परंतु जी थंडी पीक मारते, तिच्याचकडून बटाटा टिकविण्याचे काम करून घेण्याची युक्ती येथील लोकांनी शोधली. जून-जुलैमध्ये कडाक्याची थंडी पडू लागली, की लहान व कडू जातीचे बटाटे माळावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात विरघळतात. असे काही दिवस झाल्यावर त्यांचे लहान ढीग करून अनवाणी पायांनी तुडवितात, म्हणजे आतील पाणी निघून जाते व साल सुटते. मग ते कडकडीत वाळवितात. यालाच 'चुन्यो' म्हणतात. गोठविलेले बटाटे काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवून मग वाळविले, तर पांढरा चुन्यो तयार होतो. त्याचा कडवटपणा व त्यातील विषारी अंश निघून जातो.

चार-पाच किलो बटाट्यांपासून साधारण एक किलो चुन्यो मिळतो. तो वजनाला हलका, वाहून नेण्यास सोपा व वर्षानुवर्षे टिकणारा असतो. इंका राज्यकर्त्यांची डोंगरातील कोठारे चुन्यो, मका व वाळविलेल्या मांसाने भरलेली असत. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. लागते ती स्थानिक हवेची पूर्ण ओळख. आपल्याकडे कडक उन्हात कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस वाळविणाऱ्या गृहिणीही हेच शास्त्र जाणतात. तेथे बर्फ आणि ऊन, येथे केवळ ऊन, एवढाच भेद.

तलावाकाठचे उंच वाफे

कुस्कोहून दक्षिणेस गेल्यावर ३,८१२ मीटर उंचीवर टिटिकाका तलाव लागतो. त्याच्या काठी सखल, पाणथळ मैदाने आहेत. तेथे पूर्वीच्या लोकांनी चर खणून, त्यातील माती मधल्या पट्ट्यांवर चढवून, सुमारे मीटरभर उंचीचे लांब वाफे केले होते. त्यांना 'वारू वारू' म्हणतात. अतिवृष्टीत पीक पाण्याबाहेर राहते आणि अवर्षणात चरांतील ओल मुळांना मिळते. दिवसा तापलेले चरांतील पाणी रात्री ऊब देऊन पिकाचे रक्षण करते, आणि चरांतला गाळ उपसून वाफ्यावर घातला, की उत्तम खत होते.

हे वाफे शेकडो वर्षे पडून होते. १९८१ पासून पुराणवस्तुसंशोधक व स्थानिक शेतकऱ्यांनी काही वाफे पुन्हा उभारले. बटाट्याचे पीक चांगले आले, आणि अनेक संस्था हा प्रयोग गावोगाव नेण्यास पुढे सरसावल्या. काम करणाऱ्यांना मजुरी, धान्य किंवा बेणे देण्यात येऊ लागले. परंतु मदत थांबली तशी त्यांतील बरीच वाफ्यांची शेती पुन्हा ओस पडली. चर उपसण्याचे श्रम मोठे होते, पुरुष मजुरीसाठी बाहेरगावी जात होते, आणि जमिनीच्या वहिवाटीची जुनी व्यवस्था बदललेली होती.

विस्तार कार्य करणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत ध्यानात ठेवावी. तंत्र खरे होते, उत्पन्नही खरे होते. पण 'उद्या हे कोण जपणार, आणि त्याला त्यात काय परवडणार', हा प्रश्न ज्या ठिकाणी आधी विचारला गेला नाही, तेथे काम टिकले नाही.

कृत्तिका पाहून पेरणी

आपल्याकडे शेतकरी रोहिणी, मृग, आर्द्रा या नक्षत्रांवर पावसाचा हिशेब करतो. अँडीजमधील शेतकरी जूनच्या अखेरीस पहाटे डोंगरावर चढून कृत्तिकांचा पुंजका न्याहाळतो. तारे ठळक व पुष्कळ दिसले, तर पाऊस वेळेवर. मंद दिसले, तर पाऊस उशिरा व कमी, असा ठोकताळा. मंद दिसल्यास बटाट्याची लावण काही आठवडे पुढे ढकलतात.

ही केवळ समजूत असेल, असे पुष्कळांना वाटे. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने याचा उलगडा केला. एल निन्यो म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापण्याची स्थिती. अशा वर्षी जूनमध्ये फार उंचावर डोळ्यांना न दिसणारे विरळ ढग वाढतात व कृत्तिका मंद दिसतात. आणि त्याच वर्षी पुढे त्या डोंगरात पाऊस कमी पडतो. हाच एल निन्यो आपल्या मोसमी पावसावरही पुष्कळ वेळा परिणाम करतो. तेव्हा तेथील शेतकरी ज्या खुणेकडे पाहतो, तिचा संबंध आपल्या आभाळाशीही पोहोचतो. जुन्या ठोकताळ्यांना डोळे मिटून मानू नये, तसेच न तपासता टाकूनही देऊ नये.

आजचे संकट

अँडीजची बर्फाच्छादित शिखरे हे तेथील पाण्याचे साठे आहेत. कोरड्या महिन्यांत हळूहळू वितळणाऱ्या बर्फावर अनेक ओढे व पाट चालतात. तो बर्फ झपाट्याने कमी होत आहे. पेरूतील हिमनद्यांचे निम्म्याहून अधिक क्षेत्र गेल्या सुमारे साठ वर्षांत नाहीसे झाले आहे. बोलिव्हियातील चाकाल्ताया ही हिमनदी तर २००९ साली संपूर्ण संपली. हवा तापू लागल्याने करपा व सोंडकिडा पूर्वी जेथे पोहोचत नव्हते त्या उंचीवर चढत आहेत. त्यांना चुकविण्यासाठी शेतकरी बटाट्याची लावण वर वर नेत आहेत. परंतु डोंगराला माथा असतो. माथ्याच्या वर शेत नेता येत नाही. चुन्योसाठी लागणाऱ्या कडक थंडीच्या रात्रीही आता पूर्वीइतक्या भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. त्यातच तरुण मुले शहराकडे जातात, आणि कोणता वाण कोठे लावावा हे जाणणारी म्हातारी माणसे मागे राहतात.

या संकटाला सामोरे जाण्यासाठी बटाटा उद्यानातील शेतकरी निरनिराळ्या उंचीवर निरनिराळे वाण लावून पाहतात व कोणता कोठे टिकतो याची नोंद ठेवतात. आपल्या वाणांचे बी त्यांनी २०१५ साली उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्ड येथील जागतिक बियाणे भांडारातही ठेव म्हणून पाठविले. मात्र भांडारातले बी ही विम्याची ठेव होय. बी खऱ्या अर्थाने जिवंत राहते ते शेतात.

आपल्या उपयोगाचे

अँडीजची शेती दूरची वाटली, तरी तिचे ऋण आपल्या घरात रोज वावरते. एकादशीच्या ताटाकडे पाहावे. बटाटा अँडीजचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही त्याच खंडातला, आणि राजगिरा व रताळे अमेरिका खंडातून आलेली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. तेथील प्रसिद्ध किन्वा धान्य आपल्या चाकवताच्या कुळातले आहे.

तेथील वाण किंवा वाफे जसेच्या तसे येथे आणणे हा या लेखाचा हेतू नाही. आपली हवा व जमीन निराळी आहे. परंतु तीन गोष्टी कोणत्याही गावी करून पाहण्यासारख्या आहेत. पहिली, उतारावरील ताली व बांधांची पावसाळ्यापूर्वी सर्वांनी मिळून पाहणी करावी आणि ढळलेला दगड त्याच वर्षी बसवावा. यासाठी सावड व इर्जिक पुन्हा चालू करण्यास पैसा लागत नाही. दुसरी, गावात नाचणी, वरी, भात, वाल यांचे जे जुने वाण शिल्लक असतील, त्यांची नावे, गुण व ते कोणाकडे आहेत याची नोंद एका वहीत करावी, आणि प्रत्येक वाण निदान दोन घरी पेरला जाईल असे पाहावे. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरिपात बटाट्याचे मोठे पीक होते; पण त्याचे बेणे मुख्यत्वे पंजाबातून आणावे लागते. बेणे परक्या हाती असले, की भाव व वेळ दोन्ही परक्या हाती जातात, हे तेथील शेतकरी जाणतात. तिसरी, कोणतीही नवी योजना गावात आणताना मदत संपल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी ती कोण चालवील, हे गावसभेत आधीच विचारून घ्यावे.

पहिल्या पावसाला अजून अवकाश असेल, तर ताली पाहण्याचे काम याच आठवड्यात सुरू करता येईल.